उदाहरण घरातलंच द्या

विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो आमच्या नात्यातला आहे. दुर्दैवाने अशासाठी, की आमच्याकडे सरळ उत्तर द्यायची रीतच नाही. 'कुठे निघालात?' असं कुणी विचारलं तर 'हे काय, इथंच जरा' म्हणायचं, मग तुम्ही मुंबईला ऑपरेशनसाठी का निघालेले असेनात. 'आंबा कसा यंदा?' असं विचारलं तर कलमं मोहराने वाकलेली असली तरी 'बघू, आहे थोडाफार' एवढंच बोलायचं. विचारणाऱ्यालाही उत्तर नकोच असतं, त्याने आपली विचारपूस केलेली असते. अशा गावात माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, भर रस्त्यात चपला जुळवून उभे राहतात आणि उत्तर देतात. "रामआळीत चाललोय. कारणे दोन. एक, मधुमेहाच्या गोळ्या संपल्या. दोन, घरात हिच्याशी भांडण झालं." विचारणारा कसनुसं हसतो आणि पुढच्या खेपेला मामा दिसले की रस्ता ओलांडतो. मी बरोबर असले की शेजारच्या दुकानातली पातेली बघत उभी राहते. लग्न होऊन आल्यापासून या शहरातली सगळी पातेली माझी बघून झाली आहेत.

मामा मानसशास्त्र शिकवतात. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कौलारू घर आहे, फाटकावर 'प्रा.' अशी सुरुवात असलेली पाटी आहे, आणि पडवीत संध्याकाळी बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचा वर्ग भरतो. पण मानसशास्त्र हा त्यांचा विषय आहे असं म्हणणं तितकंसं खरं नाही. त्यांचा खरा विषय मानसशास्त्राच्या पेपरातला लघुत्तरी प्रश्न. चार गुणांचा, आठदहा ओळींत उत्तर मागणारा. मोठ्या प्रश्नांबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "निबंधात कुणीही लपतो," ते म्हणतात. "चार गुणांच्या उत्तरात लपायला जागा नसते." फ्रॉइड आणि पावलॉव्ह यांच्याबद्दल ते ज्या सुरात बोलतात तो सूर आपण शेजाऱ्यांसाठी वापरतो, पण 'थोडक्यात स्पष्ट करा' हे तीन शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा होतो.

आता ज्या माणसाने जन्मभर चार गुणांची उत्तरं तपासली, त्याला जगही चार गुणांचंच दिसणार. मामींनी ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला गुण मिळतात आणि प्रत्येक पदार्थाचा अर्धा गुण कापला जातो. "आमटी साडेतीन. अर्धा फोडणीत गेला." बांगड्याच्या तिखल्याला एकदा चार मिळता मिळता राहिले, कारण मामींनी वाढताना 'आज जरा घाईत झालंय हां' असं म्हटलं. "प्रस्तावना केलीस. अर्धा कापला." मामींचं यावर एकच म्हणणं, "चार द्यायला ह्यांचा हात मोडतो गो." पैकीच्या पैकी गुण मामांनी आजवर कुणाला दिलेले नाहीत. मिरकरवाड्यात मासे घ्यायला गेले की ते मासेवालीला विचारतात, "ताजे आहेत का? हो की नाही?" ती म्हणते, "घेताव का नुसतं विचारताव?" आणि मामा माझ्याकडे वळून म्हणतात, "बघितलंस, सूनबाई? प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने. शून्य." ती बाई हातात कोयता घेऊन उभी असते, आणि मी पुन्हा कुठे पातेली दिसतात का ते बघते.

पण हे झालं घरचं आणि बाजारचं. खरी लाज मामांनी मला चारचौघांत आणली. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न संगमेश्वरला, मुलाच्या घरी होतं. पंगत उठल्यावर मुलाची आई सगळ्यांना हात जोडून विचारत होती, जेवण कसं झालं. सगळे 'वा वा, पोटभर' म्हणत होते. मामा म्हणाले, "मठ्ठा उत्तम. भात कच्चा. जिलबी काल केलेली. एकूण चारपैकी दोन, काठावर पास." त्या बाई अजूनही माझ्या बहिणीला सणासुदीला जिलबी करू देत नाहीत. दुसऱ्या एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो, म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांची बायको रडत रडत सांगत होती, सकाळी चहा घेतला, मग पेपर वाचला, मग म्हणाले जरा पडतो. पुन्हा पहिल्यापासून, सकाळी चहा घेतला. मामा गंभीरपणे ऐकत होते आणि मी मनात म्हणत होते, देवा, आज नको. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "मुद्दा पहिला पुन्हा आलाय." मी त्या दिवशी पायऱ्या उतरताना जमिनीकडे जी बघत आले ती थेट घरी पोचेपर्यंत.

अशा माणसाच्या पडवीत मी विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसले याचं कारण मी नापास झाले होते. लग्नाआधी सुटलेली बी.ए. पुरी करायची असं मी चाळिशी उलटल्यावर ठरवलं. मुलगी बारावीला आली होती, तिच्या हाती पदवी पडायच्या आत माझ्या हाती पडावी एवढीच हौस होती. बाकीचे पेपर सुटले, मानसशास्त्राचा दोनदा राहिला. कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. 'विस्मरणाची कारणे लिहा' या प्रश्नात मी माझ्या सासूबाई चष्मा कपाळावर ठेवून घरभर कशा शोधतात ते दोन पानं लिहिलं, आणि पुढचे तीन प्रश्न लिहायला वेळच उरला नाही. निकालाच्या दिवशी मी आळीत सांगितलं होतं, कॉलेजात आधार कार्डाचं काम आहे. शेजारणीने संध्याकाळी विचारलं, झालं का काम? मी 'होईल हो' म्हणायच्या आत आमच्या ओट्यावर येऊन बसलेले मामा म्हणाले, "ती नापास झाली. विषय एक. कारणे तीन." आणि तिन्ही सांगितली. यंदा माझी नोंदणी संपत होती. या खेपेला सुटलं नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि सगळं पहिल्यापासून करायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

वर्गात आम्ही डझनभर होतो, सगळे पोटापाण्याला लागलेले. आरे-वारेच्या बाजूने स्कूटरवरून येणारी एक अंगणवाडीताई होती, आणि ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच येणारे एक एसटी कंडक्टर. मामांची पद्धत अशी, की पहिले चार दिवस पुस्तक उघडायचंच नाही, फक्त प्रश्न वाचायचे. "शेवटचा शब्द बघा. 'व्याख्या द्या' म्हटलंय का 'फरक सांगा' म्हटलंय? पोळ्या मागितल्या तर भात वाढू नका." पहिल्या ओळीत व्याख्या. गुण जितके तितके मुद्दे. एका मुद्द्याला दोन वाक्यं, तिसरं वाक्य आलं की ते बहुतेक पहिलंच असतं. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात केलीत तर पेपर घेऊन घरी जा. येत नसेल तर जागा सोडून पुढे सरका, रडत बसू नका. हे 'पुढे सरका' कंडक्टरांना फार पटलं. त्यांचं उत्तर सगळ्यांत आखूड असे. "स्मृतीचे प्रकार दोन, अल्पकालीन, दीर्घकालीन. दीर्घकालीनवाले मागे बसतात," असं त्यांनी एकदा लिहिलं, आणि मामांनी त्याला तीन गुण दिले, एक मागच्या लोकांसाठी कापला.

मी वर्गात मामांना 'सर' म्हणत असे. पहिल्याच दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मामा, आपलं नातं वर्गात नको सांगायला." त्यांनी विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "बाकीच्यांना उगाच पक्षपात वाटेल." मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "पटण्याजोगं कारण आहे." आणि त्यांनी शब्द पाळला. फक्त एकदा माझ्या वहीवर शेरा मारताना हात अडला आणि 'सून' एवढं लिहून खोडलेलं मी पाहिलं.

त्यांच्या पद्धतीतला शेवटचा नियम उदाहरणाचा. "उदाहरण घरातलंच द्या. गाईडातलं दिलंत तर परीक्षकाला कळतं, तो तीच गाईडं वाचून परीक्षक झालेला असतो. तुमच्या घरात मानसशास्त्र नाही काय? भरपूर आहे." नियम उत्तम, पण आमच्याकडे चालायचा कसा? घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही हे आम्हांला पाळण्यात शिकवलेलं असतं. त्यातून विषय होता संरक्षण यंत्रणांचा, म्हणजे माणूस स्वतःची लाज स्वतःपासून कशी लपवतो त्याचा. आपल्या घरातली असली गोष्ट लिहायची, ती मुंबईच्या कुठल्या परीक्षकाने वाचायची, आणि त्याची बायको नेमकी आपल्या शेजारणीची मावसबहीण निघायची. वर्गात कुणीच तोंड उघडेना. तेव्हा मामांनी समर्थन ही यंत्रणा, म्हणजे अपयशाला सोयीचं कारण शोधणं, समजावताना स्वतःच एक उदाहरण दिलं. एक मामा होते. त्यांना मुंबईच्या कॉलेजात नोकरी मिळाली नाही. घरी येऊन ते म्हणाले, बरंच झालं, मुंबईत मासे ताजे मिळत नाहीत. आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसले. मला वाटलं, चला, यांना विनोदही येतो.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. समर्थन ही संरक्षण यंत्रणा उदाहरणासह थोडक्यात स्पष्ट करा, गुण चार. मी शेवटचा शब्द बघितला, व्याख्या लिहिली, मुद्दे मोजले, आणि उदाहरणापाशी पेन अडलं. माझ्या घरातलं उदाहरण मला येत होतं, अगदी जिभेवर होतं, पण ते लिहायचं म्हणजे नको झालं. मी लिहिलं, 'माझ्या मामांना मुंबईच्या कॉलेजात नोकरी मिळाली नाही.' पुढे मासे. आयुष्यात पहिल्यांदा माझा पेपर वेळेत लिहून झाला. बाहेर आल्यावर सगळे इतके खूश होते की कुणी कुणाला काय लिहिलंस विचारलंही नाही.

निकाल लागला तेव्हा आमच्या डझनभरांचा राखून ठेवला होता. मुंबईहून एक अधिकारी चौकशीला आले आणि आम्हांला कॉलेजच्या एका खोलीत बाकांवर बसवलं. माझ्या मागच्या बाकावर माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंची बहीण बसली होती. माझ्या वयाच्या बाईला कॉपीच्या आरोपाखाली बसावं लागलं, याहून वाईट काय असतं ते मला तेव्हा तरी सुचत नव्हतं. अधिकाऱ्यांनी एकेक उत्तर वाचलं. माझे मामा, मुंबई, मासे. माझे मामा, मुंबई, मासे. मग ते म्हणाले, "रत्नागिरीत सगळ्यांना एकच मामा आहे काय?"

कंडक्टर उभे राहिले. "साहेब, मामा एकच हाय, भाचे येगळे हायत."

कुणी हसलं नाही. अधिकारी म्हणाले, हे कुठल्या तरी गाईडातलं आहे आणि ते गाईड परीक्षेच्या खोलीत होतं, एवढं कबूल करा. आम्ही म्हटलं, सरांनी सांगितलं होतं. "मग बोलवा तुमच्या सरांना." मी खाली बघत राहिले. मी मामांना या चौकशीबद्दल मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण ते आले की काय होईल ते मला ठाऊक होतं. ते अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना गुण देतील, माझी तिन्ही कारणे सांगतील, आणि आहे ती अब्रूही जाईल. पण अंगणवाडीताईने बाहेर जाऊन फोन केला, आणि थोड्या वेळाने मामा इस्त्रीचा बुशशर्ट घालून, रिक्षाने, धापा टाकत आले.

"आपण प्राध्यापक?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. फाटकावरची पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. अधिकाऱ्यांनी उत्तरपत्रिका पुढे केली. "हे उदाहरण कुठल्या गाईडातलं?" मामांनी ती वाचली, घडी घातल्यासारखी नीट ठेवली, आणि चपला जुळवून उभे राहिले. ते रस्त्यात उभे राहतात तसेच.

"समर्थन," ते म्हणाले. "आपल्या अपयशाचं खरं कारण सोसत नाही म्हणून माणूस दुसरं, पटण्याजोगं कारण पुढे करतो, त्याला समर्थन म्हणतात. मुद्दा एक, हे तो ठरवून करत नाही, त्यालाही ते खरंच वाटू लागतं. मुद्दा दोन, त्याने लाज झाकली जाते, जात नाही. उदाहरण, मी. एम.ए.च्या शेवटच्या पेपरात लघुत्तरी प्रश्नांत नापास झालो. उत्तरं लांबली, वेळ संपला. पदवी नाही म्हणून मुंबईच्या कॉलेजने घेतलं नाही. आईला येऊन सांगितलं, मुंबईत मासे ताजे मिळत नाहीत. पुढे गावाने प्राध्यापक म्हटलं, मी नाही म्हटलं नाही. पाटीही लावली." ते थांबले. "हे यांनी माझ्या पडवीत ऐकलं. गाईडात कोल्हा आणि आंबट द्राक्षं असतात, मासे नसतात. उत्तर संपलं."

ज्या माणसाच्या सरळ उत्तरांनी मला लग्नापासून लाज आणली, त्याच्यापाशी एक उत्तर इतकी वर्षं अडून बसलं होतं, आणि ते त्याने आमच्या चार गुणांसाठी परक्या माणसापुढे दिलं. मला पातेली बघायला तिथे काहीच नव्हतं. अधिकाऱ्यांचा आवाज उतरला होता. तरी त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "या परीक्षार्थींपैकी तुमचं नात्याचं कुणी आहे का?"

मामांना प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. मला दिलेला शब्द ते पाळत होते.

"मी आहे," मी म्हटलं. "भाचेसून." आयुष्यातलं माझं सगळ्यांत आखूड उत्तर तेच.

अधिकाऱ्यांनी कागद आवरले. "पुढच्या वेळी आपापले मामा आणा," एवढंच ते म्हणाले. बाहेर पायऱ्यांवर कंडक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वैनी, तुमचं नातं काय आमाला म्हायत नव्हतं होय? पैल्या दिवसापासनं म्हायत हाय." अंगणवाडीताईनेही मान हलवली. वर्गभर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मला कळू दिलं नव्हतं. घरी गेल्यावर मी मामींना हळूच सगळं सांगितलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अगो, एम.ए.चं होय? अख्ख्या आळीला ठाऊक हाय ते. लोक विचारतात ते 'बरे आहात ना सर' एवढंच विचारतात. भलतं कोण विचारील?" हे त्यांनी मामांना कधी सांगितलं का, ते मी विचारलं नाही. मीही आता इथलीच झाले आहे.

राखून ठेवलेला निकाल लागला. मी पास झाले, आणि पेढे घेऊन मामांकडे गेले तेव्हा फाटकावरची पाटी काढलेली होती. वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा मला वाटलं होतं कुणी येणार नाही, पण पडवी आधीपेक्षा जास्त भरली. मामा मात्र जरा बदलले आहेत. रस्त्यात कुणी 'कुठे निघालात?' म्हणालं तर परवा ते चक्क 'हे काय, इथंच' असं म्हणाले, आणि मला कसंसंच झालं. मला रामआळीची दोन्ही कारणे ऐकायची होती.

हल्ली मी त्यांना वर्गात मदत करते. काल संरक्षण यंत्रणा आल्या. मामा मासे सांगतील म्हणून सगळे वाट बघत होते, पण ते गप्प बसले. मग मीच उठले आणि म्हटलं, "समर्थनाचं उदाहरण मी देते, घरातलंच आहे. एका बाईला आपल्या मामेसासऱ्यांची चारचौघांत लाज वाटत असे. ते तिला शिकवायला लागले तेव्हा ती म्हणाली, आपलं नातं सांगू नका, लोकांना पक्षपात वाटेल." नवी मुलं हसली. मी मामांकडे बघायचं टाळत होते. ते चष्मा काढून पुसत होते, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"साडेतीन," ते अखेर म्हणाले. "व्याख्या दिली नाहीस." आणि मग, पुस्तक उघडता उघडता, कुणी न विचारता, "ही माझी सून."